खालची बाई, वरची हवा

९ फेब्रुवारी

पळाले. म्हणजे पळायला निघाले, एवढं खरं. घरापासून चढ चढून चौकातल्या औषधाच्या दुकानापर्यंत — बस्स! तिथे खांबाला धरून उभी. छातीत कुणीतरी ओले कपडे पिळतंय असं वाटत होतं. कानात ठोके, डोळ्यांपुढे काजवे. पाठीवर बटाट्याचं पोतं बांधलेली एक बाई शेजारून चढून गेली. जाताजाता म्हणाली, "हळू गं बाई, रस्ता कुठे पळून नाही चालला!" तिला साधा दमही लागला नव्हता.

खाली, सखल मैदानातल्या सांता क्रूझला मी रोज सकाळी रिंगरोडला धावून मग कामावर जायचे. घामाने निथळत, पण हसत. शर्यतीत माझ्या वयाच्या बायकांत पहिल्या तिघींत असायचेच. इथे डोंगरात, ला पासला येऊन तीन महिने झाले आणि मी कोण? औषधाच्या दुकानापर्यंतची धावपटू!

घरी आले तर सासरेबुवा दारातच. "काय सूनबाई, झाली शर्यत? कितवी आलीस?"

दार आपटायचं होतं. दार त्यांचं आहे.

११ फेब्रुवारी

नाकातून रक्त. उशीचा अभ्रा वाया. ही हवा आहे की पॉलिशपेपर!

२० फेब्रुवारी

रेनानशी भांडण. तेच ते. तो म्हणाला, "डिसेंबरपर्यंत राहू म्हणालो होतो ना? मग अजून फेब्रुवारी चाललाय, मेल्वा." जसं काही मला कॅलेंडर वाचता येत नाही.

त्याची आई गेली, बाबा एकटे पडले, ठीक. मुलानं यावं, तेही ठीक. पण बाबांनीच खाली यायला काय हरकत होती? सांता क्रूझच्या घरात मोकळी खोली आहे, अंगणात आंब्याचं झाड आहे. तर म्हणे, "खालच्या दमट हवेत माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा होतो. मी इथे जन्मलो, इथेच जाणार." झालं! एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी दोन माणसं साडेतीन हजार मीटर वर.

सासरेबुवा तरुणपणी फुटबॉलचे पंच होते. खालून आलेले संघ इथल्या मैदानावर पहिल्या पंधरा मिनिटांत कसे उताणे पडायचे, हे जेवताना साभिनय करून दाखवतात. जीभ बाहेर काढून! आणि मग माझ्याकडे बघतात.

५ मार्च

आज दरीतल्या बागेत गेले. सपाट जागा म्हणून. सपाट कसली, या गावात सपाट फक्त टेबलं असतात. दोन फेऱ्या जोर लावून मारल्या आणि कठड्यावर कोसळले. शेजारी एक ठेंगणी, सावळी, साठीकडे झुकलेली बाई पाय ताणत होती.

"तुम्ही पळत होतात की कुणाशी भांडत होतात?" ती म्हणाली.

मला उत्तर द्यायला श्वासच नव्हता.

"खालच्या ना? लगेच कळतं. खालची माणसं हवेला शत्रू समजतात." मग म्हणाली, "उद्या या. माझ्याबरोबर पळा. एकच अट — पळताना बोलायचं. बोलणं थांबलं की चालायचं."

नाव नीवेस. शाळेत भूगोल शिकवतात. बागेतले सगळे त्यांना बाईच म्हणतात.

६ मार्च

इतकं हळू पळणं म्हणजे अपमान आहे. एक कुत्रं आमच्यापुढे चालत होतं — चालत! आणि मी नीवेसबाईंना माझ्या कामाबद्दल सांगत होते: दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, मेण, साचा, पॉलिश... तीन वाक्यांतच गप्प. "चाला," त्या म्हणाल्या. चालले. पुन्हा "पळा". पुन्हा चार वाक्यं. "चाला."

रागाने घरी आले. पण डोकं दुखत नव्हतं. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

१८ मार्च

पायांत काहीतरी वळवळत राहतं. कामावर बसलं तरी, जेवताना बसलं तरी. रेनान म्हणतो, "तू सांता क्रूझलाही अशीच होतीस. बस कधी निघतेय याची वाट बघत असल्यासारखी." असेन. पण तिथे पळून आलं की दोन तास तरी शांत असायचे. इथे तेवढंही नाही.

२ एप्रिल

पूर्ण फेरी, न थांबता, बोलत बोलत! नीवेसबाईंनी मला त्यांच्या नवऱ्याची सगळी कहाणी सांगून टाकली — चिलीला गेला आणि तिथलाच झाला. "सुरुवातीला मी त्याच्यावर चिडून पळायचे," त्या म्हणाल्या, "म्हणून मला फार लांब जाता यायचं नाही."

नंतर फाटकाशी जांभळ्या मक्याचं गरम पेय आणि भजीसारखा तळलेला फुगा. हात गरम, नाक गार. दुसरा फुगाही खाल्ला.

२३ एप्रिल

आईचा फोन. "कधी येतेस? आंब्याचा बहार गेला, तू नव्हतीस." तिचं हे वाक्य ऐकून रडू यायला हवं होतं. आलं नाही. चौकाचा चढ आठवत होते. आज औषधाचं दुकान मागे टाकून वर चर्चपर्यंत गेले होते. पोतं बांधलेली ती बाई पुन्हा दिसली. "अगं, ही तर अजून जिवंत आहे!" असं मैत्रिणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

४ जून

थंडी. इथला हिवाळा जूनमध्येच. नळाचं पाणी हात कापतं. नीवेसबाई म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये वर दहा किलोमीटरची शर्यत आहे. नाव घालते तुझं." आता मला अगंतुगं करतात. मी अजून अहोजाहोच.

वर म्हणजे एल आल्तो. आमच्या डोक्यावर कड्याच्या काठाला बसलेलं शहर, चार हजार मीटरच्याही वर. तिथे बाजाराला गेलं तरी मला चक्कर येते.

रेनान हसला नाही. "कशाला गं? डिसेंबरात आपण चाललोच आहोत ना?"

सासरेबुवा मात्र इतके हसले की कवळी सैल झाली. (ती मीच बनवलेली. परत बसवून द्यावी लागली.) "वर? तू? स्ट्रेचर मी स्वतः घेऊन येतो!"

११ जून

आले की! स्ट्रेचर नाही, घडीची खुर्ची, घोंगडी आणि पंचाची शिट्टी घेऊन सासरेबुवा बागेत हजर. दर फेरीला ओरडायचे — "खांदे खाली! खांदे खाली घे, ते काय तुझ्या कानातले आहेत?" लोक थांबून बघत होते. लाजेनं मेले. पण खांदे खाली घेतल्यावर खरंच बरं वाटलं. सांगितलं नाही त्यांना.

नीवेसबाईंनी त्यांना विचारलं, "सुनेला शिकवताय वाटतं?" तर म्हणे, "छे! खालची माणसं कशी पडतात ते बघायला आलोय. जुना शौक आहे."

२ जुलै

चढावर आज पहिल्यांदा असं झालं — कसं लिहू? श्वास इतका लक्ष मागतो की दुसरं काही उरतच नाही. आई नाही, डिसेंबर नाही, रेनानचा पडलेला चेहरा नाही. एक पाऊल, हवा आत. एक पाऊल, हवा बाहेर. खाली मी विचार करत पळायचे. इथे विचाराला पुरेल एवढी हवाच नाही! घरी आले आणि दुपारभर एका जागी बसून होते.

रेनानने विचारलं, "बरं नाही का?"

९ जुलै

शेजारपाजारचे रेनानला म्हणतात, "वरची हवा मानवली हो! गाल बघा कसे लाल!" मला ते गाल आवडत नाहीत. लाल नाहीत ते, जांभळट आहेत. ओठही. डोकं दुखतं म्हणतो, कानात शिट्टी वाजते म्हणतो. रात्री दचकून उठतो, हवा ओढतो, पुन्हा झोपतो. मी म्हणाले डॉक्टरकडे जा. तो म्हणाला, "मी इथला आहे, मेल्वा. मला काय होणार?"

२७ जुलै

जिन्यात पडला. कामावरून येताना, आमच्याच जिन्यात. सासरेबुवांनी आवाज ऐकला. मी आले तेव्हा तो पायरीवर बसला होता आणि बाबा त्याच्या तोंडावर फुंकर मारत होते, लहान पोराला मारतात तशी. दोघांनी माझ्याकडे बघितलं. दोघेही घाबरलेले. तेव्हा कळलं, दिसतात किती सारखे.

१ ऑगस्ट

डॉक्टर बाई तरुण होत्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "जन्म कुठला?"

"इथला. याच गल्लीतला."

"मध्ये खाली किती वर्षं होतात?"

"अठरा."

त्यांनी समजावून सांगितलं. हवा कमी पडते म्हणून शरीर रक्त वाढवत सुटतं, आणि कुणाकुणाच्या शरीराला कुठे थांबायचं ते कळत नाही. रक्त काकवीसारखं होतं. हृदयाने किती ढकलायचं?

"औषध?" मी विचारलं.

"थोडं रक्त काढून टाकू. त्याने बरं वाटेल. पण खरं औषध एकच — खाली जाणं."

"किती दिवस?" रेनान म्हणाला.

"दिवस नाही. राहायलाच जा."

त्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हिला? ही तर खालची आहे!"

डॉक्टरांनी माझंही रक्त बघितलं होतं. "यांना काय झालंय? यांचं छान जमलंय."

बाहेर आलो. रस्ता ओलांडताना रेनान म्हणाला, "घे. जिंकलीस. चाललो आपण घरी." मी त्याचा हात धरला. वाईट वाटत होतं ते त्याच्यासाठीच. पण त्या वाटण्याखाली अजून एक होतं, वेगळंच, आणि ते काय आहे ते मी बघितलं नाही.

३ ऑगस्ट

सासरेबुवा: "मी येणार नाही. माझ्या पोराला घेऊन जा, त्याला बरं कर. मी मरत नाही एवढ्यात."

रेनान: "एकट्याला ठेवून जाऊ? परवाच गॅस चालू ठेवून बाजारात गेला होतात!"

"एकदाच!"

"दोनदा!"

"तुझी आई असती तर..." सूप गार झालं.

मी म्हणाले, "तू जा. मी राहते बाबांजवळ."

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. रेनानच्या डोळ्यांत पाणी. "खरंच? तू? तुला तर इथे..."

"तू बरा हो आधी. बाबांचं मन वळवते मी. मग दोघं येतो."

त्याने मला जवळ घेतलं, कपाळाची पापी घेतली. किती चांगली म्हणाला. माझ्या तोंडून ते इतक्या पटकन कसं निघालं? मला विचारही करावा लागला नाही.

१३ ऑगस्ट

एल आल्तोच्या विमानतळावर सोडून आले. त्याने तीनदा मागे वळून हात हलवला. येताना रोपवेच्या डब्यातून खाली सगळं शहर, समोर इयिमानी शिखराचा बर्फ. डब्यात मी एकटी. रडले. मग उतरून, नेहमीचेच बूट पायात होते म्हणून, चढावरून पळत घरी गेले.

२१ ऑगस्ट

रेनानचा आवाज बदललाय. झोप लागते म्हणतो. ओठ पूर्वीसारखे झाले. व्हिडिओवर दाखवले, अगदी कॅमेऱ्याला चिकटवून. हसले. "ये ना लवकर," म्हणाला. "बाबा काय म्हणतात?"

"अजून नाहीच म्हणतात."

खरं तर आठवडाभर मी बाबांना विचारलंच नव्हतं.

१० सप्टेंबर

आई: "नवरा इथे, तू तिथे, मधे तुझा सासरा! लोक विचारतात, मी काय सांगू?"

सांग की म्हातारा हट्टी आहे. सगळ्यांना तेच सांगते मी.

२४ सप्टेंबर

नीवेसबाईंबरोबर वर जाऊन सराव. वारा असा की माणूस तिरका पळतो. शेवटी त्या मागे पडल्या! मी थांबले तर हात हलवून, "जा, जा, माझ्यासाठी थांबायचं नाही. तीच चूक मी आयुष्यभर केली."

८ ऑक्टोबर

शर्यत झाली. 

पहाटेच्या रोपवेने वर गेलो. मी, नीवेसबाई आणि घोंगडी-खुर्ची-शिट्टीसकट सासरेबुवा. वर केवढी गर्दी! गालात दमासाठी कोकाची पानं दाबलेले म्हातारे, बँड, कुत्री, सुपाच्या वाफा. आणि सपाट! एल आल्तो सपाट आहे — माझ्या गावासारखं सपाट, नजर पोहोचेल तिथपर्यंत. हे आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

नीवेसबाईंची ताकीद होती: अर्ध्यापर्यंत कुणालाही मागे टाकायचं नाही. सुटलो. सगळं जग माझ्यापुढून निघून गेलं. शाळेतल्या पोरी, पोट सुटलेला एक पोलीस, लाल टोपीवाले एक आजोबा. दात ओठ खाऊन हळू पळत राहिले. खांदे खाली. एक पाऊल, आत. एक पाऊल, बाहेर. अर्धं झालं आणि मग — अरेच्चा! — तीच माणसं एकेक करून माझ्याकडे यायला लागली. पोलीस आला. गेला. पोरी आल्या. मी वेग वाढवलाच नव्हता, तेच संपत होते.

बाजाराच्या वळणावर फुटपाथवर एक बाई गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. अंगात हिरवा-पांढरा शर्ट. आमच्या सांता क्रूझच्या धावपटू मंडळाचा! तिने मान वर केली.

"मेल्वा?"

वानिया. मला प्रत्येक शर्यतीत हरवणारी वानिया. तोंड राखेसारखं. "मरतेय मी. इथे हवाच नाही."

मी थांबले. घड्याळ गेलं खड्ड्यात. तिला उठवलं, दंडाला धरलं. "चाल. पळू नको, चाल. आणि माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. नाश्त्याला काय खाल्लंस?"

"अंडी... दोन... आणि..."

"भांडू नको तिच्याशी. आमच्या हवेशी भांडायचं नसतं, मिळेल तेवढी घ्यायची."

वानिया थबकली. "आमच्या?" म्हणाली. त्या अवस्थेतही तिला हसू आलं. "वा गं! आमच्या!"

पुढच्या पाण्याच्या टेबलाशी तिला स्वयंसेवकांच्या ताब्यात दिलं, तिचा श्वास स्थिरावलेला बघितला आणि निघाले. मग मात्र पळाले. काय पळाले! वारा समोरून, डोळ्यांतून पाणी, डावीकडे बर्फाची रांग, आणि आत अगदी शांत. पायांतली ती वळवळ, जी मला आठवतं तेव्हापासून आहे — नव्हती. मी कुठेही निघालेली नव्हते. मी तिथे होते.

शेवटच्या रेषेवर सासरेबुवा खुर्चीवर उभे! या वयात! दोघांनी त्यांना खालून धरलं होतं. शिट्टी इतकी वाजवली की बँडवाले थांबले. "माझी सून! ती बघा, ती खालची, ती माझी!"

माझ्या वयाच्या बायकांत सातवी आले. मधे थांबून. नीवेसबाई नंतर आल्या आणि त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

९ ऑक्टोबर

रेनानला फोटो पाठवले. "अभिमान वाटतो," म्हणाला. खरंच वाटत होता, आवाजात कळत होतं. मग म्हणाला, "आता शर्यत झाली ना? मग आता?"

"बाबा ऐकत नाहीत रे."

"मी बोलू?"

"नको. मी बघते."

कालची शांतता एक दिवसही टिकली नाही. घरात येरझाऱ्या घालते आहे.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. गेलेली माणसं घरी येऊन जेवून जातात तो. सासूबाईंसाठी टेबल मांडलं. बाहुल्यांच्या आकाराचे पाव, फळं, फुलं, त्यांच्या आवडीची बीअर. दुपारी त्यांना निरोप दिला. शेजारचे आले, प्रार्थना म्हटली आणि पाव घेऊन गेले. सासरेबुवा रिकाम्या टेबलापाशी बसून राहिले. मी आवरायला गेले तर म्हणाले, "राहू दे थोडं."

३ नोव्हेंबर

सकाळी सासरेबुवा स्वतः दाढी करून बाहेर आले. कोट घातलेला.

"मी येतो खाली," म्हणाले.

मला वाटलं बाजारात.

"रेनानकडे गं. तुझी सासू काल बसली होती माझ्यासमोर, मला म्हणाली — पोरगा तिथे एकटा, आणि तू इथे भिंती राखत बसलायस? उठ." चहात पाव बुडवला. "उकडलेला बटाटा तर उकडलेला बटाटा. तू किती दिवस माझ्यापायी अडकून पडणार?"

मी काहीतरी बोलले. घाईची गरज नाही, उन्हाळा संपू दे, तिथे आता फार उकडतं... ते माझ्याकडे बघत राहिले. पंच बघतो तसे. मग उठून बॅग शोधायला गेले.

४ नोव्हेंबर

पळायला गेले नाही. नीवेसबाईंना तोंड दाखवता आलं नसतं. की त्यांनाच दाखवायला हवं होतं? बाबांचे सदरे घडी करून भरले. माझं कपाट तसंच बंद.

५ नोव्हेंबर

रेनानचा फोन. आनंदाने नुसता ओरडत होता. "बाबांनी सांगितलं! काढतोय आत्ताच — दोन तिकिटं!"

मी म्हणाले, "एकच काढ."